बाबांचं राहिलेलं वाक्य

३ ऑक्टोबर

दादा,

बाबा जिवंत आहेत. हे आधी लिहिते, कारण पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुला पहिली शंका तीच आली असेल.

एकोणीस दिवसांपूर्वी चित्रपटाच्या सेटवर त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऐकू येतं. कळतं, बहुतेक सगळं कळतं, असं डॉक्टर म्हणतात. "बहुतेक म्हणजे किती?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "बाई, ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही."

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या गोदीच्या ऑफिसातल्या बाईंनी पत्ता दिला. त्या म्हणाल्या, "वेल्डिंगच्या शेडमधला भोंगा ना? देते की." तिथे तुला भोंगा म्हणतात हे ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे आवाज अजून तसाच आहे.

मी गोल गोल लिहीत नाही. मला तुझ्याकडून एक वाक्य हवं आहे. तीन शब्दांचं. "ये. आत ये." बाबांच्या आवाजात. तुझ्या शहरातल्या कुठल्याही स्टुडिओत म्हणता येईल, इथे यायला नको. (हे मी लिहिते आहे, पण तू यावंस असं मला वाटतं. हेही लिहून ठेवते, म्हणजे लपवलं असं होणार नाही.)

चित्रपट कौटुंबिक आहे. मी त्यावर कंटिन्युइटीचं काम करते, म्हणजे आधीच्या शॉटमध्ये ग्लासात किती पाणी होतं, कडीवर कुठला हात होता, ते वहीत टिपते. निवृत्त मुख्याध्यापकाच्या भूमिकेसाठी म्हातारा नट मिळत नव्हता. बाबांचं नाव मीच सुचवलं. गोष्ट अशी आहे: मुलगा धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी घर सोडून जातो. बाप सगळ्या नातेवाइकांसमोर शब्द देतो की याला परत घरात घेणार नाही. काही वर्षांनी मुलगा येतो, बेल वाजवतो, मग दार ठोठावतो.

बाबांनी स्क्रिप्ट वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "अगं, हे आपल्या कंपनीचं वेशीचं नाटक आहे. तलवारी काढून घेतल्यात आणि फ्रीज आणून ठेवलाय."

मग दिग्दर्शक बाईंना त्यांनी तासभर ते नाटक सांगितलं. वेढा पडलेलं शहर, राजाची शपथ: दिवस मावळल्यावर वेशीचं दार कुणासाठीही उघडायचं नाही. शत्रूला चकवून आलेला राजपुत्र, उशिरा पोचलेला. दारावर थापा. दाराला हात लावून गप्प उभा असलेला राजा. आणि मग ते वाक्य. बाबांनी ते खुर्चीत बसल्या बसल्या, चहाचा कप हातात धरून म्हटलं, "दिवस मावळला. दार बंद राहील." मेकअपच्या खोलीतला हेअर ड्रायर कुणीतरी बंद केला.

पण चित्रपटात दार उघडतं. निर्मात्यांचा हट्ट होता. ते म्हणाले, "आमचा प्रेक्षक सहकुटुंब येतो हो. रडवा हवं तेवढं, रुमाल आम्ही वाटतो. पण घरी जाताना माणूस हसत गेला पाहिजे."

"म्हणजे शोकांतिकेला स्वेटर घालून फिरायला न्यायचं," बाबा म्हणाले.

"बरोब्बर बोललात, सर!" निर्माते खूश. टोमणा लागलाच नाही.

दोन दिवस बाबा घरात धुसफुसत होते. काम सोडतो म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता आरशातून म्हणाले, "उघडू दे त्याला दार."

"कुणाला?"

"त्या मुख्याध्यापकाला. दुसऱ्या कुणाला?"

त्याच शॉटच्या वेळी झटका आला. वाक्य राहिलं. दार उघडणारा हात आता सेटवरच्या एका सुताराचा घेतला आहे, त्याची उंची आणि बोटं बाबांसारखी आहेत. बाबांच्या मनगटावरची भाजल्याची खूण त्याच्या मनगटावर मी रंगवून घेतली. आवाज रंगवता येत नाही. एक नकलाकार आणला होता. त्यानं बाबांसारखं हुबेहूब म्हटलं आणि मला तिथून उठून बाहेर जावं लागलं.

तुझा आवाज त्यांचाच आहे. विंगेतून आईसुद्धा फसायची.

सोबत स्टुडिओसाठी कागद जोडला आहे.

तुझी,
धाकटी


१२ ऑक्टोबर

दादा,

तुझं उत्तर मिळालं. दोनच ओळी, पण अक्षर पाहून हायसं वाटलं. तू लिहितोस, "आपल्या घरात जे झालं त्याचा तुम्ही सिनेमा केलात. आता डबिंगलाही मीच हवा का?"

पहिल्या वाक्याचं उत्तर देऊ शकते. गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. लेखकाला आपल्या घराविषयी काहीही ठाऊक नाही. त्यानं ते नाटक कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं होतं. मी त्याला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, जुनी नाटकं म्हणजे तयार सांगाडे. मांस आपण चढवायचं." ह्याआधी मी तीन कौटुंबिक चित्रपटांवर काम केलं. एकात दोन भाऊ सिंहासनाऐवजी वडिलांच्या छापखान्यावरून एकमेकांचे वैरी झाले. एकात विषाच्या पेल्याच्या जागी न पाठवलेला मेसेज होता. लोक पॉपकॉर्न खात रडले. त्यांना कुणी सांगितलं असतं की ही शेकडो वर्षांपूर्वीची राजघराण्यातली प्रेतं आहेत, तर विश्वास बसला नसता. आपण दोघं मात्र त्या प्रेतांमध्ये वाढलो. म्हणून आपल्याला वाटतं की हे सगळं आपल्याच घरात घडलं.

अर्थात आपल्या घरात घडलंच. मी ते नाकारत नाही.

दादा, मी शाळेत अकराव्या वर्षी गेले, हे तुला आठवतं. तोपर्यंत जे शिकले ते बाबांकडून, आईकडून आणि तुझ्याकडून. अक्षरं प्रॉम्प्टिंगच्या वहीवरून. आकडे बाबांच्या विरामांवरून. तू मला विंगेत मांडीवर घेऊन कानात मोजायचास, एक, दोन, तीन, आणि बाबा बरोबर सातला बोलायचे. पुढे वही माझ्याकडे आली तेव्हा बाबांनी एकच नियम सांगितला होता. विराम हा नटाचा असतो, त्याला हात लावायचा नाही. पण नट वाक्य विसरला तर एका श्वासात पुरवायचं. कुठला विराम आणि कुठला विसर, हे ओळखणं म्हणजे प्रॉम्प्टर. शाळेत बाई म्हणाल्या, या मुलीला गप्प बसलेल्या माणसाची भीती वाटते. बरोबर होतं त्यांचं. मला अजून वाटते. कुणी गप्प झालं की मी मनातल्या मनात मोजायला लागते.

त्या दिवसाविषयी तुला एक गोष्ट माहीत नाही. तू दारावर थापा मारत होतास तेव्हा बाबा आतून कडीवर हात ठेवून उभे होते. बराच वेळ. तुला बाहेर फक्त शांतता ऐकू आली असेल आणि मग वाक्य. पण आत शांतता तशी नव्हती. हे एवढं तुला कळायला हवं म्हणून लिहिते.

बाबा पेज चमच्यानं खातात आता. डाव्या हातानं चमचा धरायला शिकतायत. सांडलं की माझ्याकडे असं बघतात, जणू मीच धक्का दिला.

तुझी,
धाकटी


२० ऑक्टोबर

दादा,

उत्तर आलं नाही. स्टुडिओचे लोक विचारतात, मी त्यांना "पत्राला वेळ लागतो" असं सांगते. ते हसतात. "अजून पत्रं लिहिता तुम्ही?"

तुला सेटवरचं सगळं सांगते. आधीच्या पत्रात मी "त्याच शॉटच्या वेळी झटका आला" एवढं एक वाक्य लिहून निसटले होते.

सकाळी मेकअपच्या खुर्चीत बाबा छान होते. रंगवणाऱ्या मुलीला म्हणाले, "सुरकुत्या कशाला काढतेस, आहेत तेवढ्या मोकळ्या सोड." मी वही घेऊन मागे उभी होते. आरशातून माझ्याकडे न बघता म्हणाले, "या वेळी तू सांगू नकोस हं."

मी म्हटलं, "काय?"

"वाक्य. माझं मी म्हणेन. कितीही वेळ लागू दे."

मी बरं म्हटलं.

दार प्लायवूडचं होतं, पण कडी खरी लोखंडी. आत बाबा, बाहेर मुलाचं काम करणारा नट. मी कॅमेऱ्याखाली जमिनीवर बसले होते. पहिला टेक आवाजामुळे वाया गेला. दुसऱ्याला त्या नटानं थापा मारल्या, "बाबा, मी आहे," म्हणाला. बाबा चालत दारापाशी आले आणि कडीवर हात ठेवला.

सातला ते बोलले नाहीत. मला वाटलं, बरोबर आहे, हा मुख्याध्यापक आहे, राजा नाही, त्याचा विराम वेगळा असणार. चौदाला दिग्दर्शक बाईंनी माझा खांदा दाबला, आनंदानं. वीसला लाइटवाला स्टुलावर चढलेला होता तो तसाच एक पाय वर धरून थांबला. बाबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजव्या गालावर काहीही हललं नाही. मी ते पाहिलं, दादा. ते पाहण्याचाच मला पगार मिळतो. मी वही उघडली आणि लिहिलं. ती वही माझ्यापुढे आहे, त्यात माझ्याच अक्षरात आहे: "टेक दोन. उजवा ओठ खाली. टेक एकशी जुळत नाही."

अठ्ठेचाळीसला हात कडीवरून सुटला. दिग्दर्शक बाई "कट!" म्हणाल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा टाळ्यांमध्ये पडले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "असं किती वेळ होतं?" मी म्हटलं, "अठ्ठेचाळीस." डॉक्टर म्हणाले, "अठ्ठेचाळीस मिनिटं?" मी म्हटलं, "आकडे." त्यांना वाटलं मला धक्का बसलाय, मला पाणी दिलं. नंतर ते म्हणाले की एवढ्याशा वेळानं काही फरक पडत नाही, जे व्हायचं ते पहिल्याच क्षणाला झालं होतं. ते हुशार आहेत, खोटं बोलत नसावेत. पण मी गप्प बसले होते, हे खरंच आहे. सगळ्या सेटवर एकटीला मला ठाऊक होतं की बाबा इतका वेळ कधी घेत नाहीत.

तोच टेक चित्रपटात जाणार आहे. निर्मात्यांनी दवाखान्यात येऊन माझे हात धरले आणि म्हणाले, "सरांनी आयुष्यातलं सर्वोत्तम काम केलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते वाईट नाहीत.

आता तू विचारशील की "या वेळी" म्हणजे काय. बाबांनी "या वेळी सांगू नकोस" का म्हटलं. हे पत्र मी आज टाकते. ते उद्या लिहिते, म्हणजे आज पेटीत टाकताना हात मागे येणार नाही.

धाकटी


२१ ऑक्टोबर

दादा,

त्या दिवशी दुपारचे तीन वाजले होते. आदल्या दिवशी आईचं ऑपरेशन झालं आणि तू तिच्याजवळ थांबलास. प्रयोगाला आला नाहीस. राजपुत्राशिवाय नाटक होईना. पडदा वर गेलाच नाही, लोक उठून गेले. आपल्या कंपनीच्या इतिहासात पहिल्यांदा. आणि वर्षभरापूर्वी, तो दारू पिऊन पडलेला नट काढून टाकताना, बाबांनी सगळ्यांदेखत म्हटलेलं होतं, "प्रयोग पाडणारा माझ्या पोटचा असला तरी या घरात पाऊल ठेवणार नाही."

हे सगळं तुला माहीत आहे. आता जे माहीत नाही ते.

बैठकीत आपल्या कंपनीतले सेनापतीकाका आणि दासीमावशी बसले होते. ते तालमीला आले होते, असं म्हणत होते. खरं म्हणजे मालक शब्द पाळतो का, हे बघायला आले होते. मी चपलांच्या फळीशेजारी माझ्या स्टुलावर होते, वही मांडीवर. तालीम सुरू होणार होती म्हणून पान उघडलेलं होतं. चौदा वर्षांची होते. त्या वहीशिवाय मला बसताच यायचं नाही.

तू थापा मारल्यास. "बाबा, मी आहे. आईचे कपडे न्यायचेत."

बाबा उठले. दारापाशी गेले. कडीवर हात ठेवला. काका आणि मावशी त्यांच्या पाठीकडे बघत होते. मावशीनं पदर तोंडाला लावला.

मी मोजायला लागले. सात झाले. आठ. नऊ. बाबांचा अंगठा कडीखाली गेला होता. हे मी पाहिलं आणि तरीही मला ते दिसलं नाही. मला एवढंच कळत होतं की थापा झाल्या, "मी आहे" झालं, राजा दाराला हात लावून उभा आहे, सात होऊन गेलेत आणि वाक्य येत नाही. बाबा आयुष्यात कधी वाक्य विसरले नव्हते. मला घाम फुटला. काका-मावशींसमोर त्यांची शोभा होईल असं वाटलं. दहाला मी सांगितलं. एका श्वासात, शिकवलं होतं तसं, फक्त त्यांच्यापुरतं:

"दिवस मावळला. दार बंद राहील."

आणि बाबांनी ते उचललं. चाळीस वर्षांची सवय, दादा. कानावर पडलं की तोंडातून येणार. "दिवस मावळला" त्यांनी गाळलं, कारण बाहेर लख्ख ऊन होतं. "दार बंद राहील" एवढंच म्हणाले. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा. तू दाराच्या पलीकडे, दोन इंचांवर होतास.

मग तुझी पावलं जिन्यावरून गेली. काका म्हणाले, "मालक, धन्य आहात." बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मला वाटलं आता शाबासकी देतील. त्यांनी माझ्या मांडीवरची वही घेतली, मिटली आणि आत गेले. त्या दिवशी तालीम झाली नाही.

मी काय केलं ते मला केव्हा कळलं, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. लगेच कळलं नाही. दोन वर्षांनी आई गेली आणि तू आला नाहीस, तेव्हा पक्कं कळलं होतं. तेव्हा सांगायला हवं होतं. तुझा पत्ता नव्हता, असं मी स्वतःला सांगत आले. पत्ता गोदीच्या एका फोनवर मिळाला.

अकरा वर्षांत बाबा याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटायचं, त्यांना आठवतच नाही की ते कुणी सांगितलं. "या वेळी तू सांगू नकोस" म्हणाले तेव्हा समजलं. त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी सगळा दोष स्वतःकडे ठेवून घेतला, कारण म्हणणारा नट असतो. वाक्य कुणी पुरवलं हे प्रेक्षकांना कधी सांगायचं नसतं.

मी सांगितलं नसतं तर त्यांनी कडी काढली असती का? मला माहीत नाही. अंगठा कडीखाली होता. काका-मावशी पाठीशी होते. यापुढे कितीही वेळा मोजलं तरी मला ते कळणार नाही. पण त्या चित्रपटातलं दार त्यांना उघडायचं होतं, हे नक्की. निर्मात्यांसाठी नाही.

तू वाक्य म्हण किंवा म्हणू नकोस. आता मी ते मागत नाही. मागायचा मला हक्क होता असं मी पहिल्या पत्रात समजून चालले, त्याची लाज वाटते.

धाकटी


६ नोव्हेंबर

दादा,

काल सकाळी बाबा गेले. गोदीच्या ऑफिसातल्या बाईंनी निरोप दिला असेल. त्या फोनवर रडल्या, माझी ओळखदेख नसताना.

गेल्या आठवड्यात काय झालं ते मी क्रमानं लिहिते.

एकतीस तारखेला तुझं ध्वनिमुद्रण आलं. माझं कबुलीचं पत्र तुला त्याआधी मिळालं होतं की नंतर, मला माहीत नाही. तारखा जुळवून पाहिल्या, दोन्ही शक्य आहे. ध्वनिमुद्रकानं मला बोलावलं. म्हणाला, "दोन फायली आल्यात. पहिलीत तुमचे बंधू भलतंच काही तरी म्हणतायत. स्क्रिप्टमध्ये नाही ते."

त्यानं लावली. "दार बंद राहील."

"चुकून म्हटलं असेल," तो म्हणाला. "पण आवाज म्हणजे... अंगावर काटा आला हो. पुसू ना?"

मी म्हटलं, "नको."

मग दुसरी. "ये. आत ये." ध्वनिमुद्रकानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "चालणार हा सिनेमा."

मी दुसरी फाइल फोनवर घेतली आणि दवाखान्यात गेले. ऐकवावी की नाही, यावर जिन्यात उभी राहून विचार केला. मला वाटलं, त्यांचं राहिलेलं वाक्य पुरं झालं हे त्यांना कळलं तर त्यांना समाधान वाटेल. मी त्यांना त्यांचाच आवाज ऐकवते आहे, अशी माझी कल्पना होती.

डाव्या कानाशी फोन धरला. पहिल्याच "ये"ला त्यांनी डोळे उघडले. दादा, त्यांनी एका क्षणासाठीसुद्धा तो स्वतःचा आवाज समजला नाही. आईसुद्धा फसायची, पण ते फसले नाहीत. फोन माझ्या हातातून काढून घेतला, कानावर दाबून धरला, त्याच हाताचं बोट उचलून खूण केली, पुन्हा. मी ती फाइल अकरा वेळा लावली. मग त्यांनी डाव्या हातानं पांघरूण बाजूला केलं आणि पाय खाली सोडायला लागले.

नर्स धावत आली. "अहो आजोबा, निघालात कुठे?"

त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. आत सेटवरचे कपडे होते, ज्यात त्यांना आणलं होतं ते. मी मुख्याध्यापकाचा पांढरा शर्ट काढला. त्यांनी हात पुढे केला. मी घातला. गळ्याजवळचं बटण राहिलं होतं, ते त्यांनी दाखवून लावून घेतलं.

मला वाटलं, तू इथेच बाहेर आहेस असं त्यांना वाटतंय. मी म्हटलं, "बाबा, दादा इथे आलेला नाही. आवाज तिकडून आलाय." त्यांनी मान हलवली, तालमीत आपण चुकलो की हलवायचे तशी, चिडून. फोनकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे, मग दाराकडे. दोनदा करून दाखवलं तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. तू त्यांना बोलावतो आहेस, असं ते समजले होते. तू घरात आहेस आणि ते बाहेर उभे आहेत.

मी त्यांना सांगू शकले असते की हे चित्रपटातलं वाक्य आहे, बाबा, तुमचंच आहे, तुम्ही म्हणायचं राहिलेलं. त्यांना कळलं असतं. बहुतेक सगळं कळत होतं. मी म्हटलं, "दादाचं घर वर आहे. तीन जिने चढावे लागतात, लिफ्ट नाही. पायात जरा बळ येऊ दे, मग नेते." तुझं घर कितव्या मजल्यावर आहे, मला ठाऊक नाही. तीन हा आकडा माझ्या तोंडातून आला.

त्यांनी मान डोलावली. पटलं त्यांना.

त्यानंतर चार दिवस ते सकाळी शर्ट घालून घ्यायचे आणि पलंगाच्या कडेला बसायचे. नर्स म्हणाली की व्यायामाच्या बाईंचं ऐकत नाहीत, स्वतःचंच काही तरी करतात. मी पाहिलं. डावा पाय उचलायचे, थोडा पुढे टेकवायचे. मग उजवी मांडी डाव्या हातानं धरून तो पाय उचलून त्याच्या शेजारी आणून ठेवायचे. एक पायरी. थांबायचे, दम घ्यायचे. पुन्हा डावा. ओठ हलत असायचे, उजवीकडून वाकडे.

दादा, त्यांची तालीम चालली होती.